काचेआडची शस्त्रं आणि उघड्यावरच्या तोफा: वाचता येतील असे फोटो कसे काढावेत?

मन्याडकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या इतिहास मंडळानं मराठवाड्यातल्या जुन्या शस्त्रांची आणि तोफांची सचित्र सूची करायला घेतलीय. शोभेचे फोटो नकोत. मुठीवरची नक्षी, पात्यावरचा शिक्का, तोफेवरचा लेख हे नंतर घरी बसून वाचता आलं पाहिजे, एवढीच अपेक्षा. काम दोन तऱ्हेचं आहे. एक, संभाजीनगरच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालयासारख्या ठिकाणच्या तलवारी, कट्यारी, ढाली, चिलखत. दुसरं, देवगिरी, परंडा, नळदुर्ग इथल्या तोफा, ज्या ऊन-पावसात उभ्या आहेत.

जवळ क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, १८-५५ किट लेन्स, ५० मिमी एफ/१.८ आणि एक पोलरायझर (चमक कापणारा फिरता फिल्टर) आहे. ट्रायपॉडला बहुतेक ठिकाणी आधी परवानगी लागते, म्हणून तो नाही असंच धरून चाला.

अडचणी अशा आहेत. काचेत ट्यूबलाइट आणि आपलाच शर्ट दिसायलाय, पोलरायझर कितीबी फिरवला तरी फरक पडंना. काही फोटोंत आडवे काळपट पट्टे येऊलालेत. तलवारीची परज (मुठीला बोटांपुढं असलेली आड) फोकसमध्ये घेतली की मोगरा (मुठीच्या टोकाची कळी) धूसर. तोफेवरची अक्षरं डोळ्याला दिसतात, फोटोत मात्र सपाट होतात. खडूनं भरून घ्या असं एकानं सुचवलंय. आणि मापाचं काय करायचं? काचेवर बाहेरून पट्टी चिकटवून फोटो काढला तर चालंल का?

खडकीकर

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळी सूची तिथंच बाद व्हायची. काचेवर पट्टी लावू नका. कॅमेरा काचेपासून ५० सेंमी आणि तलवार काचेच्या २० सेंमी आत असेल, तर पट्टी ५० वर आणि वस्तू ७० वर. म्हणजे पट्टीवर जे माप दिसेल त्याच्या १.४ पट खरी लांबी. ९० सेंमीची तलवार जेमतेम ६४ सेंमीची दिसेल, आणि सूचीत तशीच छापली जाईल. दोन मीटर मागं सरकलात तरी १० टक्के चूक राहतेच. पट्टी वस्तूच्याच पातळीत हवी. ती आत ठेवायची तर केस उघडावी लागते आणि ते काम संग्रहालयाच्या माणसाचं. नाहीतर त्यांच्या नोंदवहीतलं माप मागून घ्या. तेही नसेल तर सूचीत माप देऊ नका.

आता काच. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो, दोन्ही मिळून ८. हा आकडा किरकोळ वाटतो, पण दालनातली ट्यूबलाइट काळवंडलेल्या पात्याच्या कैक पट उजळ असते. तिचे ८ टक्केसुद्धा पात्यावर मात करतात. म्हणून उपाय कॅमेऱ्यात शोधू नका. कॅमेऱ्याच्या मागं काय उजळ आहे ते झाका.

मुठीचे, शिक्क्याचे जवळचे फोटो असतील तर लेन्सला घडीचं रबरी हूड लावा आणि ते काचेला टेकवा. लेन्सच्या कड्यावर ५२, ५५ किंवा ५८ असा आकडा असतो, त्याच मापाचं घ्या. रबर असल्यानं थोडा कोन केला तरी कड काचेला धरून राहते. मात्र ५० मिमी इथं उपयोगाची नाही: ती सेन्सरपासून साधारण ३५ ते ४५ सेंमीच्या अलीकडं फोकस करत नाही, आणि काचेला टेकवलेल्या लेन्सला वस्तू त्याहून जवळ पडते. किट लेन्स ५५ वर ठेवा. ती २५ ते २८ सेंमीपर्यंत येते. हे अंतर लेन्सच्या तोंडापासून नव्हे, सेन्सरपासून मोजतात. बॉडीवर आडवी रेघ मारलेल्या वर्तुळाची खूण असते, तिथून.

अख्खी तलवार घ्यायची असेल तर काचेला टेकून भागत नाही. ९० सेंमीची तलवार दोन्हीकडं थोडी जागा सोडून घ्यायला तुमच्या कॅमेऱ्यावर ५० मिमीला सव्वादोन मीटर मागं जावं लागतं, ३५ मिमीला दीड मीटर. दालनात बहुधा दीडच मिळतं. तेव्हा काळं कापड. मधोमध लेन्सपुरतं भोक पाडायचं, दोन्ही टोकं दोघांनी धरायची. कापड किती मोठं? काचेवर तुमची चौकट जेवढी रुंद, कॅमेऱ्यापाशी त्याच्या दुप्पट रुंद कापड लागतं, कारण प्रतिबिंबाचा प्रकाश जाऊन-येऊन दुप्पट अंतर कापतो. मुठीच्या ३० सेंमी चौकटीला ६० सेंमी पुरतं. अख्ख्या तलवारीला दोन मीटरच्या आसपास हवं. साधं काळं सुती किंवा मखमल घ्या. साटीन घेऊ नका, ते स्वतःच चमकतं. कापड धरणाऱ्यांनी पांढरे सदरे घालून येऊ नये, हे सांगावं लागतं!

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडं ५० हर्ट्‌झचा पुरवठा, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. १/२५० ला शटर त्या चढउताराचा एखादाच तुकडा पकडतं, आणि सेन्सरच्या वरच्या-खालच्या भागाला वेगवेगळा तुकडा मिळतो. १/१००, १/५० किंवा १/२५ ठेवा. आवाज होऊ नये म्हणून सायलेंट शटर चालू केलं असेल तर ते आधी बंद करा. निम्मे पट्टे तिथूनच येतात. डिमर लावलेल्या एलईडीचा ठेका वेगळा असतो, तिथं १/२५ वरच उतरा.

उजेडाचा अंदाज असू द्या. मखमली म्यान, रंगीत चामडं, अंगरखे अशा वस्तू असतील तिथं संग्रहालयं ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात. त्या उजेडात एफ/५.६, आयएसओ १६०० ला शटर साधारण १/१० येतं. हातात धरून ते जमत नाही. एफ/४ आणि आयएसओ ३२०० केलं की १/४० च्या आसपास. दाणे दिसतील, दिसू द्या. दाणेदार फोटो वाचता येतो, हललेला येत नाही.

आता परज आणि मोगरा. ५० मिमी, ६० सेंमी अंतर, एफ/८: स्पष्टतेची खोली जेमतेम ४ सेंमी. एफ/१.८ ला तर एक सेंमीसुद्धा नाही. मूठ समोरून घेतली तर परजेच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत ८-१० सेंमी सहज होतात. तुम्ही १.२ मीटरवर गेलात की तीच खोली १७ सेंमीच्या पुढं जाते. अंतर दुप्पट, खोली चौपट. तेव्हा लांबून काढा आणि नंतर कातरा. आजच्या सेन्सरला तेवढं परवडतं. जवळूनच हवं असेल तर परज, कटोरी (मोगऱ्याखालची चकती), मोगरा असे वेगवेगळ्या फोकसचे चार-पाच फोटो घेऊन जोडावे लागतात, आणि त्याला आधार लागतो.

साध्या_काचेचा_माणूस

पोलरायझर कुचकामी नाही, चुकीच्या जागी वापरला जातोय. काचेवरून परतणारा प्रकाश एका विशिष्ट कोनातच पूर्ण ध्रुवित होतो. काचेला काढलेल्या लंबापासून सुमारे ५६ अंश. तुम्ही काचेसमोर सरळ उभे राहिलात तर प्रतिबिंबात कापण्यासारखं काही नसतंच. वर फिल्टर एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) उजेड खातो तो वेगळा. खडकीकरांचं कापड वापरताना तो काढून ठेवा.

उपयोग कुठं होतो? उतरत्या काचेच्या टेबलकेसमध्ये, जिथं तुम्ही तिरकं बघताच. आणि चामड्याच्या ढालीवर. गेंड्याच्या किंवा इतर चामड्याच्या ढालीला रोगण दिलेलं असतं. त्या रोगणाची चमक पोलरायझरनं जाते आणि खालचं चित्रकाम उघडं पडतं. त्याच ढालीवरची पितळी फुलं मात्र तशीच चमकत राहतील. धातूवरून परतलेल्या चमकेवर हा फिल्टर चालत नाही. म्हणून पात्यासाठी त्याची आशाच सोडा.

पातं हा आरसा समजून काम करा. त्याच्यात काय दिसतंय ते ठरवणं एवढंच तुमच्या हातात असतं. एक फोटो असा घ्या की पात्यात पांढरी भिंत किंवा छत पसरलेलं दिसेल: त्यात बाक, धार, मधली शिर, खाचा स्पष्ट येतात. दुसरा असा की पात्यात काळं कापड दिसेल: त्यात पोलादाचा जौहर (पोलादातली लाटांसारखी नक्षी) आणि कोरलेला शिक्का वर येतो. कॅमेरा एखादी वीत इकडं-तिकडं केला तरी हा फरक पडतो. सूचीसाठी दोन्ही लागतात. एकाच फोटोत दोन्ही बसवायच्या नादात दोन्ही जातात.

कोफ्तगिरीच्या मुठीवर आणखी एक घोटाळा होतो. काळसर पोलादावर सोन्याचं बारीक काम; केसमधला स्पॉटलाइट त्यावर पडला की कॅमेरा काळ्या भागाकडं बघून उजेड वाढवतो आणि सोनं पिवळ्या डागासारखं उरतं. वेल कुठली, पानं कुठली, काही कळत नाही. रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, एक स्टॉप कमी ठेवा आणि हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) लाल रेघ वेगळी बघा. सोन्यात आधी लाल उडतो. एकत्रित आलेखात तो कळतच नाही.

तेरणाकाठ

तोफांबद्दल लिहितो.

पहिलं, खडू नको. पीठ नको, तेल नको, पाणी मारणंही नको. खडूची पूड गंजाच्या खळग्यात बसते, ओल धरून ठेवते आणि पावसाळाभर तिथंच गंज वाढवते. तेलावर धूळ बसून थर होतो. शिवाय खडू भरणारा माणूस त्याला वाटतात ती अक्षरं भरतो. मग फोटोत लेख दिसत नाही, त्या माणसाचा अंदाज दिसतो. कायद्याचंही आहेच: देवगिरी केंद्र संरक्षित आहे, आणि १९५८ च्या स्मारक अधिनियमात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाची हानी केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ठसे घेणं हे पुरालेखवाल्यांचं काम, परवानगीनं.

अक्षरं सपाट दिसतात कारण उजेड समोरून पडतो. लेखाला तिरपा, जवळपास घासून जाणारा उजेड हवा, पृष्ठभागाशी १० ते १५ अंशांचा. ओतीव तोफेवर लेख बहुधा उठावाचा असतो, घडीव लोखंडी तोफेवर बहुधा कोरलेला. दोन्हीला हाच उपाय.

ऊन कधी तिरपं मिळतं ते लेख कुठं आहे त्यावर. नळीच्या पाठीवर असेल तर सकाळचा पहिला तास किंवा मावळतीआधीचा. नळीच्या कुशीवर, म्हणजे उभ्या बाजूला असेल तर उलट: आपल्याकडं मेच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या शेवटी माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा उभ्या बाजूवर ऊन वरून घासत उतरतं. जुलैत ढग असतात, म्हणजे राहिला मे. त्या वेळी लोखंडाला हात लागत नाही हे खरं, पण लावायचाही नाहीच आहे. डिसेंबरात हा खेळ जमत नाही, दुपारी बारालासुद्धा सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपासच असतो.

वेळ जुळत नसेल तर छत्री आणि आरसा. मोठ्या काळ्या छत्रीनं लेखावर सावली करायची. दुसऱ्यानं तीन-चार मीटरवर उन्हात उभं राहून ३० बाय ४५ सेंमीच्या साध्या आरशानं ऊन लेखावर एका बाजूनं आडवं टाकायचं. आरसा हातात हलतो, म्हणून कोपर कशाला तरी टेकवा. देवगिरीवर चिनी महालाजवळच्या बुरुजावर जी मेंढा तोफ आहे, तिच्यावर फारसी लेख आहेत. त्यात औरंगजेबाचं नाव आणि तोफेचं किला शिकन हे नावही आलंय. तिथं ही पद्धत वापरून बघा. तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं तोंड आहे, त्यालाही बाजूचाच उजेड द्या. समोरून दिलात तर शिंगांचे वळसे दिसत नाहीत.

फारसी लेखाला एका दिशेचा उजेड पुरत नाही. या लिपीत लांब आडव्या ओढी असतात आणि उभे दांडेही. वरून पडलेल्या उजेडात आडव्या ओढी उठतात, अलिफ आणि लामसारखे उभे दांडे बुजतात. बाजूनं टाकला की उलट. म्हणून कॅमेरा न हलवता निदान दोन दिशांचे फोटो, जमलं तर चार. नुक्ते तर जरूर तपासा: बे, ते आणि नून यांत फरक ठिपक्यांचाच, आणि गंजाचा खळगा ठिपक्यासारखाच दिसतो. चारही दिशांच्या उजेडात ज्याची सावली सारखी वागते तो नुक्ता.

अख्ख्या तोफेचे फोटो वेगळे. तोंड, समोरून सरळ, पट्टी तोंडाच्या कडेच्याच पातळीत धरून: यातून नळीचा व्यास आणि भिंतीची जाडी दोन्ही मिळतात. कान, म्हणजे बत्ती द्यायचं भोक, वरून आणि जवळून. खिळा ठोकून बुजवलेला आहे का तेही बघा. दोन्ही बाजूंचे आडवे खुंट. मागचं टोक. घडीव लोखंडी तोफ असेल तर पट्ट्या आणि त्यांवर चढवलेली कडी जिथं सांधली आहेत त्या जागा, कारण तोफ ओतीव की घडीव हे पुढं कुणी विचारलं तर उत्तर तिथंच आहे.

मागं आकाश असेल तर कॅमेरा आकाशाकडं बघून तोफ काळी ठिक्कर करतो. मागं तटाची भिंत येईल असा कोन घ्या, नाहीतर मॅन्युअलवर तोफेपुरता उजेड ठरवून आकाश जाऊ द्या पांढरं. सूचीत आकाशाचं काय काम!

नळदुर्गच्या उपळी बुरुजावर तोफा लांब आणि मागं सरकायला जागा कमी. १८ मिमीनं एका फोटोत कोंबू नका. जवळचं टोक फुगतं, दूरचं निमुळतं होतं आणि नळीच्या उताराचं माप फसवं येतं. तोफेला समांतर चालत, प्रत्येक वेळी निम्मा भाग आधीच्या फोटोतला येईल असे पाच-सहा फोटो काढा आणि जोडा. एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवलात तर जोड नीट लागतो, पण तोफ वाकडी दिसते. चालत काढलेल्यात मागचा तट तुटका जोडला जाईल, त्याकडं दुर्लक्ष करा. बुरुजावर वारा जोराचा असतो, छत्री तिथं नेऊ नका.

परंड्याबद्दल एक आठवण करून देतो. आज विजापूरला असलेली मलिक-ए-मैदान १६३२ मध्ये तिथं नेली गेली, त्याआधी ती परंड्यात होती. १५४९ ची, अहमदनगरात ओतलेली. तुमच्या सूचीत ती बसते की नाही ते मंडळानं ठरवावं; माझं मत विचाराल तर मराठवाड्याबाहेर गेलेल्या वस्तूंचं वेगळं परिशिष्ट हवंच.

मन्याडकाठ

लई कामाचं लिहिलंत सगळ्यांनी. कापडाचं दुप्पट माप आणि पट्टीची गोष्ट कुठंच वाचली नव्हती. आणखी दोन शंका. आमच्यातल्या तिघांकडं फक्त मोबाइल आहेत, त्यांना काय काम द्यावं? आणि ट्रायपॉडच्या जागी काही चालतंय का?

खडकीकर

ट्रायपॉडला दोरी. पाव इंची बोल्ट घ्या, कॅमेऱ्याच्या खालच्या भोकात बसणारा, त्याला दीड मीटर सुतळी बांधा. दुसरं टोक बुटाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ताणून धरायचा. वर-खाली हलणं बरंच थांबतं, दोन स्टॉपपर्यंत फायदा होतो. बोल्ट आत ५ मिमीपेक्षा जास्त जाऊ देऊ नका, नाहीतर कॅमेऱ्याचं बूड फुटतं; मध्ये नट घालून लांबी अडवा. किल्ल्यावर अर्धा-एक किलो ज्वारी भरलेली जाड कापडी पिशवी घ्या, तटाच्या कठड्यावर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवायचा. तोफेवर ठेवायची नाही.

मोबाइलवाल्यांना काचेला टेकवून काढायचे फोटो द्या, त्यात ते डीएसएलआरला मागं टाकतील. लेन्स लहान, त्यामुळं काचेला चिकटून बसते. हस्तकलेच्या दुकानात मिळणाऱ्या काळ्या फोमशीटची ३ ते ५ मिमी जाड चकती कापून कॅमेऱ्याभोवती लावा. ओरखडेही नाहीत आणि कडेनं उजेडही नाही. पांढरं किंवा सोनेरी कव्हर असेल तर काढून ठेवा, काचेत तेच दिसतं.

मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यानं तलवारीच्या अगदी जवळ गेलात की मूठ फुगते आणि पातं आखूड होतं. दुप्पट झूम लावून मागं सरका. जवळ जाताच काही फोन आपणहून अतिरुंद लेन्सवर उडी मारतात. मॅक्रोची ही आपोआप सोय सेटिंगमधून बंद करा. फोकसच्या जागी बोट दाबून धरा म्हणजे तो आणि उजेड दोन्ही अडकतात, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा.

दोन गोष्टी मात्र मोबाइलला देऊ नका: तोफेवरचे लेख आणि पात्याचा जौहर. फोन दाणे घालवताना बारीक ठिपके पुसतो आणि मग धार लावताना नसलेल्या रेघा घालतो. वर नुक्त्यांचं लिहिलंय ते इथं थेट लागू होतं, नूनचा ठिपका गायब झाला की नाव बदलतं. द्यायचेच असतील तर रॉ चालू करा आणि सौंदर्य-सुधारणेची सगळी बटणं बंद.

गोदाकाठ

संग्रहालयाला पत्र देताना "फोटो काढायची परवानगी मिळावी" एवढंच लिहू नका, त्यावर उत्तर येत नाही. कुठल्या दालनातल्या, कुठल्या वस्तू, किती, हेतू काय, छापणार का विकणार, साहित्य काय, किती माणसं, किती तास, फ्लॅश वापरणार नाही हे स्पष्ट. अभिरक्षकांच्या नावे द्या आणि गर्दी नसेल असा वार त्यांनाच सुचवू द्या. दालनातल्या ट्यूबलाइट अर्ध्या तासासाठी बंद करता येतील का, हे त्याच पत्रात विचारा. दालन अंधारात आणि केस उजेडात असं झालं की वरचं निम्मं काम वाचतं.

केस उघडून मिळणार असेल तर नायट्राइलचे हातमोजे न्या. सुती मोज्यात मूठ निसटते. उघड्या हातानं पात्याला शिवलं की घामातल्या मिठानं बोटाच्या ठशाबरहुकूम गंज येतो, आणि तो कायमचा. पात्यावर वाकून बोलूही नका.

प्रत्येक वस्तूनंतर लगेच तिच्या पाटीचा फोटो. त्याच पाटीचा पांढरा कागद व्हाइट बॅलन्सलाही उपयोगी पडतो, कारण तो केसच्या आतल्याच उजेडात असतो. बाहेर धरलेलं करडं कार्ड वेगळ्या उजेडात असतं. कागद पिवळा पडला असेल तर नका वापरू. नोंदणी क्रमांक वस्तूवरच रंगानं लिहिलेला असतो, बहुधा आडबाजूला, तोही एका फोटोत आला पाहिजे. पाटी चूक असू शकते, क्रमांक सहसा नसतो.

सूचीत नांदेड धरलं असेल तर एवढं ध्यानात ठेवा: तख्त सचखंड श्री हजूर साहिब इथं गुरू गोविंदसिंहजींची शस्त्रं दर्शनासाठी दाखवतात. ती प्रदर्शनातली वस्तू नव्हे. डोकं झाकून जा, कॅमेरा पिशवीत ठेवा आणि काही हवंच असेल तर आधी तिथल्या कार्यालयात विचारा.

एकास_बहात्तर

मंडळ विसाव्या शतकापर्यंत येणार असेल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय संभाजीनगरहून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. मराठवाड्याबाहेर, पण तुमच्या दोन्ही अडचणी तिथं नाहीत: काच नाही, आणि बहुतेक सगळं उघड्यावर, म्हणून उजेड कमी पडत नाही. शर्मन, सेंच्युरियन, विजयंता, पाकिस्तानकडून जिंकलेले पॅटन. हद्द लष्कराची आहे. ओळखपत्र न्या, कॅमेऱ्याचं काय ते दारावरच विचारा, आणि आतल्या वस्तूंखेरीज फाटक, इमारती, वाहनं यांकडं लेन्स वळवू नका.

तोफ पुढं असलेला रणगाडा जवळपास दहा मीटर लांब. तुमच्या कॅमेऱ्यावर ३५ मिमीला तो बाजूनं पूर्ण बसवायला सोळा-सतरा मीटर मागं जावं लागतं, १८ मिमीला आठ-साडेआठ. शक्य तिथं लांबूनच काढा. जवळून १८ मिमीनं काढलं की पुढचं चाक मागच्यापेक्षा मोठं येतं, आणि मॉडेल करणारा त्यावरून मापं काढतो. चार बाजू सरळ, चार कोपरे तिरके, मग चाकं, पट्ट्याची एक कडी समोरून, दात्यांचं चाक (दात मोजता येतील असं), रणगाड्याच्या फिरत्या बुरुजावरची झाकणं. कॅमेरा छातीच्या उंचीवर आडवा धरा. खाली बसून वर बघत काढलेले फोटो भारदस्त दिसतात, पण बुरुजाचा माथा त्यात लपतो.

हिरव्या रंगावर भर उन्हात जोडाच्या रेघा दिसत नाहीत. हलकं ढगाळ असेल तो दिवस बघा. पोलरायझर इथं मात्र लावा. रंगाचा थर धातू नसतो, त्यावरची चमक जाते आणि वेल्डिंगचे सांधे उघडे पडतात.